पंख कुणाच्या पैशांचे?

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून निघालेलं एक इंजिनाचं छोटंसं विमान अहमदाबादमार्गे मुंबईत आलं आणि जुहूला उतरलं. चालवत होते जेआरडी टाटा, आणि आत होत्या टपालाच्या थैल्या. एअर इंडियाची गोष्ट इथून सुरू होते, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण ते विमान बनवलं कुणी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. विमानाचं नाव होतं ‘पस मॉथ’, आणि ते बनवणाऱ्या इंग्लिश माणसाचं नाव जेफ्री डी हॅविलँड.

आज विमान म्हटलं की दोनच नावं समोर येतात. अमेरिकेची बोइंग आणि युरोपची एअरबस. या दोघांचं भांडण इतकं जुनं आणि इतकं मोठं, की ते जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं. दोघांचा एकमेकांवरचा आरोप एकच. तुम्ही सरकारच्या पैशांवर उडताय, आम्ही स्वतःच्या हिमतीवर. यात खरं कोण बोलतंय, हे समजून घ्यायचं असेल तर जेफ्रीचं आयुष्य बघावं लागतं. कारण या भांडणातली जवळपास प्रत्येक गोष्ट त्याच्या आयुष्यात आधीच घडून गेली होती.

आजोबांचे हजार पौंड

जेफ्रीचा जन्म २७ जुलै १८८२ चा, इंग्लंडमधल्या हाय विकम गावाजवळचा. वडील चर्चमध्ये पाद्री. घरात पैशांची कायम ओढाताण. पोराला मात्र यंत्रांचं वेड. तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये शिकला, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये नोकऱ्या केल्या. पण मन रमेना. राइट बंधूंच्या बातम्या यायला लागल्या होत्या आणि जेफ्रीच्या डोक्यात एकच घुसलं होतं, विमान बनवायचं.

आजच्या भाषेत त्याला सीड फंडिंग हवं होतं. ते मिळालं आईच्या वडिलांकडून. वारशात पुढे मिळणार असलेले हजार पौंड आजोबांनी आधीच देऊन टाकले. जेफ्रीने नोकरी सोडली, फ्रँक हर्ल नावाच्या मित्राला सोबत घेतलं आणि लंडनच्या फुलहॅम भागात वर्कशॉप थाटलं. इंजिनाचं डिझाइनही स्वतःचं. पंखांवर चढवायचं कापड शिवत बसायची त्याची बायको लुईस. विमान कसं उडवायचं, हे मात्र दोघांपैकी एकाही मित्राला माहीत नव्हतं!

डिसेंबर १९०९ मध्ये सेव्हन बॅरोज नावाच्या माळरानावर पहिला प्रयत्न झाला. उतारावरून विमान धावलं, जमिनीपासून थोडं वर गेलं आणि पंख मोडून धाडकन खाली आलं. जेफ्री किरकोळ जखमांवर वाचला. महिनोन्महिन्यांची मेहनत काही सेकंदांत भंगार झाली. त्या ढिगाऱ्यातून त्याने इंजिन वाचवलं आणि दुसरं विमान उभं केलं. १९१० च्या सप्टेंबरमध्ये ते खरंच उडलं.

पण तोवर आजोबांचे पैसे संपत आले होते. विमान उडतंय, पण ते विकत कोण घेणार? त्या काळात विमान घेणारा ग्राहक नावाचा प्राणीच जवळपास नव्हता. अशा वेळी ब्रिटनच्या युद्ध खात्याने ते विमान ४०० पौंडांना घेतलं आणि जेफ्रीला फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात डिझायनर आणि वैमानिक म्हणून नोकरीही दिली. सरकारचा हा पहिला चेक. तो मिळाला नसता तर डी हॅविलँड हे नाव बहुधा तिथेच संपलं असतं.

बोइंगच्या दारात ब्रिटिश विमान

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जेफ्री एअरको नावाच्या खासगी कंपनीत मुख्य डिझायनर होता. तिथे त्याने बनवलेलं ‘डीएच-४’ हे बॉम्बफेकी विमान गाजलं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा लढाईत टिकेल असं स्वतःचं विमानच तिच्याकडे नव्हतं. तिने जेफ्रीचं डिझाइन घेतलं, त्यावर आपलं ‘लिबर्टी’ इंजिन बसवलं आणि जवळपास पाच हजार विमानं बनवली. युद्ध संपल्यावर हीच विमानं अमेरिकेचं टपाल वाहू लागली.

आता यातली गंमत बघा. युद्ध संपलं तशा सैन्याच्या ऑर्डरी थांबल्या. सिएटलची बोइंग ही छोटी कंपनी तगून राहण्यासाठी फर्निचर आणि बोटी बनवत होती. तिला आधार मिळाला तो सैन्याच्या जुन्या डीएच-४ विमानांची दुरुस्ती आणि नव्याने बांधणी करण्याच्या कामाचा. म्हणजे अडचणीच्या काळात बोइंगच्या कामगारांच्या हातात जेफ्रीचं विमान होतं, आणि त्याचं बिल भरत होतं अमेरिकेचं सरकार.

इकडे इंग्लंडमध्येही मंदीच होती. एअरको विकली गेली आणि १९२० मध्ये जेफ्रीने एजवेअरजवळच्या स्टॅग लेनवर स्वतःची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश विमानसेवांचं दिवाळं वाजलं. कारण काय, तर फ्रान्सचं सरकार आपल्या विमान कंपन्यांना अनुदान देत होतं. त्यांची तिकिटं स्वस्त, इंग्रजांची महाग. फेब्रुवारी १९२१ च्या शेवटी लंडन-पॅरिस मार्गावरची ब्रिटिश विमानं चक्क बंद पडली. मग ब्रिटिश सरकारनेही खिशात हात घातला. १९२४ मध्ये इम्पीरियल एअरवेज स्थापन झाली ती दहा वर्षांत दहा लाख पौंड अनुदानाच्या करारावरच. शेजाऱ्याने दिलं म्हणून आपणही द्यायचं, हा खेळ इतका जुना आहे.

पतंगांचं घराणं

जेफ्रीला विमानांइतकंच वेड होतं फुलपाखरांचं आणि पतंगांचं. म्हणजे आकाशकंदिलाच्या दिव्याभोवती फिरतात ते पतंग. १९२५ मध्ये त्याने दोन माणसांचं एक हलकं विमान बनवलं. त्याचे पंख मागे दुमडता यायचे, त्यामुळे ते मोटारीच्या गॅरेजमध्येही मावायचं. नाव ठेवलं ‘मॉथ’. मग आली जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ, सगळं पतंगांचं घराणंच.

मॉथ हिट झाली. पण इथेही सरकार मागे होतंच. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने देशभर फ्लाइंग क्लब काढायला मदत केली आणि क्लबांसाठी निवडली ती मॉथ. सामान्य माणसं विमान शिकू लागली. त्यातलीच एक ऑफिसात टायपिस्ट म्हणून काम केलेली एमी जॉन्सन. १९३० मध्ये ती एकटी जिप्सी मॉथ घेऊन इंग्लंडहून थेट ऑस्ट्रेलियाला पोचली. त्याच वर्षी आगाखान यांनी लावलेल्या इंग्लंड-भारत बक्षिसासाठी जेआरडी आणि ॲस्पी इंजिनिअर या दोघांनी जिप्सी मॉथच उडवली. बक्षीस ॲस्पीने नेलं.

दोन वर्षांनी टाटांनी टपालसेवा सुरू केली, तीही ठराविक अनुदानाची हमी नसताना. जेवढं टपाल, तेवढे पैसे. एकाच साम्राज्यात इम्पीरियल एअरवेजला लाखो पौंड आणि जुहूच्या कंपनीला वजनकाट्यावर मोजून मोबदला! अनुदान कुणाला द्यायचं हा प्रश्न कधीच निव्वळ पैशांचा नसतो.

१९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी शर्यत लागली. अमेरिकन विमानं जिंकू नयेत म्हणून जेफ्रीच्या कंपनीने तोटा सोसून खास रेसर विमानं बनवली. त्यातलं एक बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर करत सुमारे ७१ तासांत पोचलं आणि पहिलं आलं. इंग्लंडमध्ये जल्लोष झाला. पण पुढचे दोन नंबर बघितले तर जल्लोष उतरावा असे होते. एक होतं डच कंपनी केएलएमचं डग्लस डीसी-२ आणि दुसरं बोइंग २४७. दोन्ही अमेरिकन, आणि दोन्ही शर्यतीसाठी नाही तर रोजच्या प्रवाशांसाठी बनवलेली. डीसी-२ तर प्रवासी आणि टपाल घेऊन आलं होतं. ब्रिटनने शर्यत जिंकली, पण बाजार कुणाचा होणार ते त्या दिवशी दिसलं.

दोन मुलं

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जेफ्रीने एक अजब कल्पना मांडली. लाकडाचं बॉम्बफेकी विमान, त्यावर एकही बंदूक नाही, वेग हेच संरक्षण. मंत्रालयातल्या बहुतेकांना ते पटलं नाही. जेफ्री हटला नाही. वरिष्ठ अधिकारी विल्फ्रिड फ्रीमन यांनी पाठराखण केली आणि ‘मॉस्किटो’ जन्माला आलं. २५ नोव्हेंबर १९४० ला त्याचं पहिलं उड्डाण केलं जेफ्रीच्या थोरल्या मुलाने, त्याचंही नाव जेफ्रीच. फर्निचरचे कारागीर कामाला लागले आणि साडेसात हजारांवर मॉस्किटो बनली.

याच मॉस्किटोने त्याचा धाकटा मुलगा हिरावून नेला. ऑगस्ट १९४३ मध्ये दोन मॉस्किटो हवेत धडकली, त्यातल्या एकात जॉन होता. तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४६ ला, थोरला मुलगा डीएच-१०८ या प्रायोगिक जेट विमानाची चाचणी घेत होता. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना टेम्स नदीच्या मुखाजवळ विमानाचे तुकडे झाले. दोन्ही मुलं बापाच्याच विमानांत गेली. हे दुःख लुईसला झेपलं नाही. तिची तब्येत ढासळत गेली आणि १९४९ मध्ये तीही गेली. जिने पहिल्या विमानाचं कापड शिवलं होतं, तिने त्याच वर्षी आकाशात झेपावलेल्या जेटचं यश उपभोगलं नाही.

पहिलं येण्याची किंमत

ते जेट म्हणजे ‘कॉमेट’. युद्ध चालू असतानाच ब्रिटनला कळून चुकलं होतं, की प्रवासी विमानांत अमेरिका खूप पुढे जाणार. म्हणून सरकारने लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. युद्धानंतर कोणती विमानं बनवायची, हे ती ठरवणार होती. जेफ्री त्या समितीत होता आणि त्याने जेटचा आग्रह धरला. अमेरिकेला पंख्याच्या विमानांत गाठणं अवघड, मग एक पायरी गाळून थेट पुढची उडी का मारू नये? सरकारने ऑर्डर दिली, सरकारी विमान कंपनी बीओएसी पहिली ग्राहक झाली.

२७ जुलै १९४९. जेफ्रीचा ६७ वा वाढदिवस. त्याच दिवशी कॉमेट पहिल्यांदा उडालं. २ मे १९५२ ला लंडन-जोहान्सबर्ग सेवा सुरू झाली. प्रवासी घेऊन जाणारं जगातलं पहिलं जेट! ३६ प्रवासी, ना थरथर, ना आवाजाचा गोंगाट, वेळ जवळपास निम्मा. अमेरिकेच्या पॅन ॲमनेही पुढच्या आवृत्तीची ऑर्डर दिली. ब्रिटन अमेरिकेला जेट विकणार होता.

बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ ला, कोलकात्याहून उडालेलं कॉमेट वादळी ढगांत मोडून पडलं, ४३ जण गेले. दोष वादळाला दिला गेला. १० जानेवारी १९५४ ला दुसरं कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रात कोसळलं, ३५ मृत्यू. उड्डाणं थांबवली, बदल केले, पुन्हा सुरू केली. दोनच आठवड्यांत, ८ एप्रिलला, नेपल्सजवळ तिसरं कोसळलं, २१ मृत्यू. यावेळी हवामान चांगलं होतं. कॉमेटचा परवाना काढून घेतला गेला.

नौदलाने समुद्रतळातून अवशेष काढले. फार्नबरोला, जिथे जेफ्रीने कधीकाळी नोकरी केली होती तिथेच, अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. आत पाण्याचा दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. खऱ्या उड्डाणातही हेच होतं. विमान वर गेलं की आतल्या हवेच्या दाबाने फुगतं, खाली आलं की पूर्ववत होतं. यू-पिन चार-पाच वेळा वाकवली की तुटते ना, तसं. खरी आणि टाकीतली मिळून ३,०५७ उड्डाणं झाली आणि केबिन फाटली. वजन कमी ठेवण्यासाठी पत्रा पातळ ठेवलेला, आणि खिडक्या-दारांसाठी कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांवर ताण अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. एल्बाच्या विमानात तर चीर सुरू झाली होती ती छतावरच्या अँटेनाच्या झरोक्यापाशी. धातूही थकतो, ही गोष्ट अख्ख्या उद्योगाला या मृत्यूंनी शिकवली. ब्रिटनने हे निष्कर्ष लपवले नाहीत. अमेरिकन कंपन्यांनीही ते वाचले.

‘स्वतःच्या हिमतीवर’ची दुसरी बाजू

त्या वर्षी १५ जुलैला, कॉमेट जमिनीवर असताना, सिएटलमध्ये बोइंगचं पहिलं जेट उडालं. ते बनवण्यासाठी कंपनीने स्वतःचे १ कोटी ६० लाख डॉलर लावले होते. ही खरी जोखीम होती, ते नाकारून चालणार नाही. पण पुढचं बघा. काही आठवड्यांतच अमेरिकन हवाई दलाने याच घराण्यातली इंधनवाहू विमानं मागवली, पुढे ती सातशेहून अधिक झाली. प्रवासी ७०७ बनवण्यासाठी सरकारच्या मालकीची यंत्रसामग्री वापरायची परवानगीही बोइंगला मिळाली. लंडनला मदतीचं नाव होतं सरकारी पाठबळ, वॉशिंग्टनला नाव होतं संरक्षण खर्च. पैसा दोन्हीकडे करदात्यांचाच.

जेफ्रीच्या कंपनीला ब्रिटिश सरकारने वाऱ्यावर सोडलं नाही. हवाई दलाने मजबूत केलेली कॉमेट घेतली, बीओएसीने १९ नव्या ‘कॉमेट ४’ मागवल्या. ४ ऑक्टोबर १९५८ ला कॉमेट ४ अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट सेवा ठरली. तीनच आठवड्यांनी पॅन ॲमचं ७०७ आलं, कितीतरी जास्त प्रवासी घेऊन. विषय संपला. कॉमेट एकूण बनली ११४, ७०७ सैनिकी विमानं धरून हजारावर. खुद्द बीओएसीनेही १९५६ मध्येच १५ बोइंग मागवली होती. आणि पस मॉथपासून सुरुवात केलेल्या जेआरडींच्या एअर इंडियात १९६० मध्ये आलेलं पहिलं जेट होतं, बोइंग ७०७.

इथे मला वाटतं जेफ्रीची गोष्ट आपल्याला एक नेमकी गोष्ट सांगते. सरकारी पैसा सुरुवात करून देतो, पडल्यावर हात देतो, पण तो चुका टाळू शकत नाही. पहिला जाणारा चुकांची किंमत भरतो आणि मागून येणारा त्या फुकट शिकतो. बोइंग जिंकली ती अनुदान नव्हतं म्हणून नाही, आणि कॉमेट हरलं ते अनुदान होतं म्हणून नाही.

पंख अजून तिथेच बनतात

१९६० मध्ये सरकारच्या विलीनीकरणाच्या धोरणाखाली जेफ्रीची कंपनी हॉकर सिडलीत गेली. काही वर्षांत त्याचं नाव पाटीवरूनही पुसलं गेलं. सत्तरीपर्यंत स्वतः विमान उडवणारा जेफ्री २१ मे १९६५ ला गेला. त्याच्या अस्थी विमानातून विखुरल्या त्या सेव्हन बॅरोजवर, जिथे पहिलं विमान मोडलं होतं.

पण गोष्ट संपली नाही. चारच वर्षांनी फ्रान्स आणि जर्मनीने एअरबसचा घाट घातला. ब्रिटिश सरकार बाहेर पडलं, हॉकर सिडली मात्र थांबली, कारण पंख बनवणारे इंजिनिअर तिच्याकडे होते, हॅटफिल्डच्या डी हॅविलँडच्या जुन्या कारखान्यात. गंमत म्हणजे त्या कामासाठी काही पैसा जर्मन सरकारने दिला. पुढे एअरबसला सरकारांकडून अशी कर्जं मिळत गेली की विमान विकलं गेलं तरच फेडायची. अमेरिकेचा राग त्यावर. युरोपचा राग बोइंगला मिळणाऱ्या संशोधनाच्या पैशांवर आणि करसवलतींवर. २००४ मध्ये भांडण जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि निकाल लागला की दोघंही दोषी! २०१९ मध्ये अमेरिकेला साडेसात अब्ज डॉलरच्या युरोपीय मालावर शुल्क लावायची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी युरोपला चार अब्जांची. शेवटी २०२१ मध्ये दोघांनी पाच वर्षांसाठी तलवारी म्यान केल्या.

आणि आपण? २०२३ मध्ये एअर इंडियाने २५० एअरबस आणि २२० बोइंग घ्यायचं जाहीर केलं. दोघांनाही खूश केलं म्हणा ना! पुढच्या वेळी पुण्याहून किंवा नागपूरहून एअरबसमधून निघालात आणि खिडकीची सीट मिळाली, तर दोन गोष्टी नीट बघा. एक, खिडकीचे गोलावलेले कोपरे. दुसरी, बाहेरचा पंख. तो बहुधा वेल्समधल्या ब्रॉटनच्या कारखान्यात जोडलेला असेल, जिथे कधीकाळी जेफ्रीच्या कंपनीने कॉमेटही बनवली होती. त्या पंखात चार सरकारांचे पैसे आहेत, कारागिरांची मेहनत आहे आणि आजोबांनी नातवाला दिलेले हजार पौंडही आहेत.